फळ्यावर नोटीस लागण्यापूर्वी

कामगार कपातीची नोटीस ही कपातीची पहिली खूण नसते, ती शेवटची खूण असते. कारखान्याच्या फळ्यावर तो कागद चिकटविला जातो त्या दिवशी व्यवस्थापनाचे काम बहुतेक पुरे झालेले असते. कामगारांचे मात्र तेव्हा कुठे सुरू होते. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत हिशेब मांडले गेलेले असतात, याद्या तयार झालेल्या असतात, कोणते खाते ठेवावयाचे आणि कोणते ठेकेदाराच्या हवाली करावयाचे हे ठरून गेलेले असते. या सर्व काळात खुणा रोज दिसत होत्या. ज्याने त्याने त्या आपल्यापुरत्या पाहिल्या, चहाच्या टपरीवर बोलून दाखविल्या आणि पाळी बदलताच विसरून टाकल्या. खूण दिसणे आणि खूण वाचणे यांत मोठे अंतर आहे. त्या अंतरातच आजवर हजारो नोकऱ्या गडप झाल्या आहेत.

हे समजून घेण्यासाठी भिलाईइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्गजवळच्या माळरानावर पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दहा लाख टनांची क्षमता १९६७ मध्ये पंचवीस लाखांवर आणि १९८८ मध्ये चाळीस लाखांवर गेली. देशाच्या रेल्वेला लागणारे रूळ येथे लाटले गेले. छत्तीसगढच्या खेड्यांतून, तसेच विदर्भ, आंध्र, बंगाल, केरळ येथून आलेल्या माणसांनी ही वसाहत भरून गेली. येथील नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा विश्वास एका पिढीने बाळगला आणि पुढच्या पिढीला दिला.

ती रेघ कोणी एका दिवसात पुसली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'सेल'च्या, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या, पटावर दीड लाखाहून अधिक माणसे होती. २०२४ पर्यंत ही संख्या साठ हजारांच्या खाली आली. दरम्यान उत्पादन घटले नाही. उलट भिलाईतच २०१८ मध्ये आठव्या क्रमांकाची प्रचंड झोतभट्टी सुरू झाली. इतकी माणसे कमी झाली, पण भिलाईच्या मुर्गा चौकात एकाच दिवशी हजारो कायम कामगारांना काढल्याची नोटीस कोणी वाचली नाही. 'कपात' हा शब्दच उच्चारला गेला नाही. म्हणून कपात कोणत्या नावांनी येते, हे आधी ओळखावे लागते.

पहिली खूण रिकाम्या जागेची. एखादा कामगार निवृत्त होतो, हारतुरे होतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे काम उरलेल्यांत वाटले जाते. जागा भरली जात नाही. सुरुवातीला ओव्हरटाइम मिळतो म्हणून कोणी तक्रार करीत नाही. वर्षभराने ओव्हरटाइम बंद होतो, काम मात्र तेवढेच राहते. तिसऱ्या वर्षी मंजूर पदसंख्येचा नवा तक्ता येतो आणि त्यात ती जागाच नसते. ज्या दिवशी जागा रिकामी झाली त्या दिवशी हा तक्ता लिहावयास सुरुवात झाली होती.

दुसरी खूण पदांच्या एकत्रीकरणाची. फिटरने वेल्डिंगही करावे, क्रेन चालविणाऱ्याने खाली उतरून साखळीही बांधावी, अशी फर्माने 'बहुकौशल्य' या गोंडस नावाने निघतात. नवे कौशल्य शिकण्यास कामगारांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु दोन माणसांचे काम एकाला शिकविले जाते तेव्हा दुसऱ्या माणसाचे काय होणार, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.

तिसरी खूण मोजमापाची. बाहेरचे सल्लागार येतात, घड्याळ लावून कामाच्या वेळा टिपतात. मग कामगार खात्याकडून वय, सेवाकाळ, आजारपण आणि गैरहजेरी यांच्या याद्या मागविल्या जातात. त्यानंतर कागदपत्रांत 'अतिरिक्त' हा शब्द प्रथम अवतरतो. 'सेल'च्या बाबतीत हे सर्व उघड्यावर घडले. मॅकिन्झी या विदेशी सल्लागार कंपनीकडून अभ्यास करवून घेण्यात आला आणि फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने पुनर्रचनेच्या योजनेस संमती दिली. मनुष्यबळ कमी करणे आणि 'मुख्य व्यवसायाबाहेरचे' विभाग वेगळे काढणे ही त्या योजनेची उघड कलमे होती.

चौथी खूण याच कलमातून निघते. कारखान्याचा एखादा विभाग स्वतंत्र कंपनीच्या नावावर जातो. भिलाई, दुर्गापूर आणि राऊरकेला येथील विजेची केंद्रे त्या काळात 'सेल'च्या हातून निघून एनटीपीसीबरोबरच्या संयुक्त कंपन्यांकडे गेली. आज वीज, उद्या ऑक्सिजन, परवा दुरुस्ती. विभाग जेथे होता तेथेच असतो, धुराडेही तेच असते. बदलते ती फक्त कामगाराची ओळख. एका पटावरील कामगार चार पटांवर विभागला गेला की त्याची एकजूटही चार ठिकाणी विभागली जाते.

पाचवी खूण फाटकाच्या बाहेर, वसाहतीत दिसते. घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची योजना येते. शाळा एकामागून एक बंद होतात किंवा एकत्र केल्या जातात. मुले कमी झाली म्हणून शाळा बंद केली, असे सांगण्यात येते. ते खरेही असते. पण मुले कमी झाली, कारण तरुण कामगारांची भरतीच थांबली होती. ज्या मालकाला पुढची तीस वर्षे माणसे हवी असतात तो त्यांच्या मुलांच्या शाळांना कुलूप लावीत नाही.

या खुणांवर व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते: तोटा. १९९८-९९ पासून २००२-०३ पर्यंत सलग पाच वर्षे 'सेल' तोट्यात होती, हे निर्विवाद आहे. १९९९-२००० या एका वर्षाचा तोटा सतराशे कोटींच्या घरात होता. याच तोट्याकडे बोट दाखवून स्वेच्छानिवृत्तीच्या योजना एकामागून एक आल्या. पण पुढचे पान कोणी वाचून दाखविले नाही. जगात पोलादाचे भाव चढताच २००३-०४ मध्ये त्याच कंपनीला अडीच हजार कोटींहून अधिक नफा झाला. तोटा गेला, पण गेलेल्या जागा परत आल्या काय? तोटा तात्पुरता होता आणि कपात कायमची. यावरून तोटा हे कपातीचे कारण कितपत होते आणि निमित्त कितपत होते, याचा निवाडा प्रत्येकाने करावा.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खूण वाचणे म्हणजे घबराट पसरविणे नव्हे. घबराट ही व्यवस्थापनाच्याच सोयीची असते. "यादी तयार आहे म्हणे," "पुढच्या वर्षी एवढेही पैसे मिळणार नाहीत म्हणे," अशा कुजबुजीचा उगम शोधावयास गेल्यास तो पुष्कळदा अधिकाऱ्याच्या केबिनपाशीच सापडतो. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वेच्छेने सही केली आणि किती जणांनी भीतीने, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोघेही सारखेच. स्वेच्छेने निवृत्त झालेला कामगार 'कपात' या व्याख्येत बसत नाही. त्याच्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही आणि त्याच्या जागी दुसऱ्याला घेण्याचे बंधनही राहत नाही. अफवेला नाव नसते, तारीख नसते. खुणेला दोन्ही असतात. अमुक तारखेस अमुक खात्यातील अमुक जागा रिकामी झाली आणि आजतागायत भरली नाही, हे ज्याच्या वहीत लिहिलेले आहे त्याला कुजबूज हलवू शकत नाही.

खुणा वेळेवर न वाचल्यास काय होते, हे बस्तरने १९७८ साली पाहिले. बैलाडिलाच्या डोंगरात राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. तेथे यंत्राने चालणारी खाण आणि ठेकेदारांच्या हाताखाली घण-पाटीने चालणारी खाण शेजारी शेजारी होत्या. हाताने दगड फोडणाऱ्यांत आदिवासी स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते. ठेके संपविण्यात आले आणि सुमारे दहा हजार माणसे कामावाचून राहिली. आयटकच्या लाल बावट्याखाली कामगार लढले. ५ एप्रिल १९७८ रोजी किरंदुल येथे पोलिसांनी गोळीबार केला, कामगार मेले, त्यांच्या झोपड्या जळाल्या. त्या लढ्याच्या शौर्याविषयी शंका नाही. परंतु यंत्र त्या डोंगरावर एका रात्रीत चढले नव्हते. ते कित्येक वर्षे कामगारांच्या डोळ्यांसमोर उभे होते. मागणीपत्रात त्याला जागा मिळाली ती ठेका संपण्याची वेळ आल्यावर.

भिलाईला खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे वेगळे घडले. १९७७ मध्ये तेथील ठेकेदारी कामगार प्रस्थापित संघटनांतून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. कायम आणि ठेकेदारी कामगार यांच्यात तफावत ठेवणारा बोनसचा करार हे त्यामागचे तात्कालिक कारण होते. २ आणि ३ जून १९७७ रोजी झालेल्या गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. प्रस्थापित संघटनांतून ते कामगार का निघून गेले, या प्रश्नाचे उत्तर त्या संघटनांनी स्वतःपाशीही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पण येथे महत्त्वाचे आहे ते पुढचे पाऊल. खाणीच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाची योजना पुढे येताच त्या कामगारांनी केवळ 'नको' असे म्हटले नाही; त्यांनी अर्ध-यांत्रिकीकरणाचा आपला स्वतःचा पर्याय मांडला. माणसाच्या ताकदीबाहेरचे काम यंत्राला द्यावे, हातांनी होणारे काम हातांकडे राहू द्यावे, असा त्याचा आशय होता. संपूर्ण यांत्रिकीकरण त्यामुळे कित्येक वर्षे रोखले गेले. खूण आधी वाचली, म्हणून पर्याय मांडण्यास अवधी मिळाला. नोटिशीनंतर फक्त विरोध करता येतो. पर्याय मांडावयाचा तर नोटिशीच्या आधीच मांडावा लागतो.

ठेकेदाराच्या आणि लहान खासगी कारखान्यांतील कामगारांसाठी खुणांची भाषा वेगळी आहे आणि ती अधिक वेगाने बोलते. वर्षाचा गेट पास सहा महिन्यांचा आणि पुढे तीन महिन्यांचा होतो. ठेकेदार बदलतो, माणसे तीच राहतात, पण हजेरीपटावर त्यांची सेवा नव्याने सुरू होते. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि खात्यात जमा होत नाही. कच्च्या मालाचे आवार रिकामे दिसू लागते, बिघडलेले यंत्र दुरुस्त न होता झाकून ठेवले जाते, पगाराची तारीख सातवरून पंधरावर जाते. नव्या निविदेत काम तेवढेच आणि माणसे कमी लिहिलेली असतात. १९९० नंतर भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतील अशाच कामगारांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले, तेव्हा हजारोंना कामावरून दूर करण्यात आले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्यांची नावे धड कोणत्या पटावर नव्हती, त्यांनी नोकरीची किंमत रक्ताने मोजली.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण खुणेचा उपयोग शेवटी तेथे होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ले-ऑफ आणि कपात यांत भेद केला होता. ले-ऑफ म्हणजे तात्पुरती कामबंदी. त्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई. कपात म्हणजे नोकरीच संपणे. त्यासाठी नोटीस, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार आणि शेवटी आलेल्याने प्रथम जाण्याचा नियम. १९७६ च्या दुरुस्तीने तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली. परंतु त्याच दशकात, १९८४ मध्ये, मुदतीचा करार संपणे ही कपात नव्हे, अशी पळवाटही कायद्यात घातली गेली. एका हाताने दार बंद केले आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो जुना कायदा इतिहासजमा झाला. औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर नेली आणि ती आणखी वाढविण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. ठराविक मुदतीच्या नोकरीला तिने राजमान्यता दिली. मुदत संपली की कामगार गेला, त्याला कपात म्हणावयाचे नाही. परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरले जाते. मोठ्या कारखान्यांवरील परवानगीचे बंधन उरले, पण कामे लहान ठेकेदारांत वाटून दिली की तेही हात लांब करून पोचत नाही.

तरीही एक धागा हाती राहिला आहे. कपात होण्याचा संभव असलेली यंत्रपद्धती आणताना किंवा कामगारांची संख्या घटविताना सेवाशर्तीतील बदलाची एकवीस दिवसांची नोटीस देण्याचे कलम जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे लढ्याचा दिवस कपातीच्या नोटिशीचा नसून बदलाच्या नोटिशीचा आहे. आणि ती दिलीच नसेल, तर ती का दिली नाही हे विचारण्याचा आहे. विचारण्यासाठी मात्र बदल केव्हा झाला हे सांगता आले पाहिजे.

नोंदीचे महत्त्व 'सेल'च्याच एका खटल्यात अधोरेखित झाले. ३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, ठेकेदारी पद्धत बंद केल्याने ठेकेदाराचे कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. ठेका हा केवळ देखावा होता असा दावा असेल तर तो औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा. सिद्ध कशाने करावयाचे? कामाचा हुकूम कोण देत होता, हजेरी कोण तपासत होता, अवजारे कोणाची होती, रजा कोण मंजूर करीत होता, यांच्या रोजच्या पुराव्याने. दहा वर्षे राबलेल्या माणसापाशी दहा कागद नसतील तर न्यायालयात त्याची दहा वर्षे हवेत विरतात.

शेवटी एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. भिलाईच्या मोठ्या संघटनांनी, आणि देशभरच्या सार्वजनिक क्षेत्रातील संघटनांनी, गेली पंचवीस-तीस वर्षे एका वाक्यात समाधान मानले: "कोणाचीही नोकरी गेली नाही." वेतनकरार झाले, थकबाकी मिळाली, कायम कामगाराच्या ताटातले कमी झाले नाही. पण जी नोकरी निवृत्त बापाच्या मागे गावातील तरुणाला मिळावयाची होती, ती गेली. जी निविदा बदलताना फाटकाबाहेर राहिलेल्या कामगाराची होती, ती गेली. त्यांची नावे संघटनेच्या पावतीपुस्तकात नव्हती म्हणून त्यांची मोजदाद झाली नाही. कपातीची खूण नेहमी प्रथम ठेकेदारी कामगाराच्या गेट पासवर उमटते आणि कायम कामगाराच्या दारी सर्वांत शेवटी पोचते. पहिल्याची खूण दुसऱ्याने आपली मानली नाही, तर स्वतःची पाळी येते तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहण्यास कोणी उरत नाही.

म्हणून जेथे जेथे पक्षाचे कार्यकर्ते कामगारांत काम करतात, मग ते भिलाईत असोत, नागपूरच्या बुटीबोरीत असोत की पुण्याच्या चाकणमध्ये, तेथे एक साधे काम आजपासून हाती घेता येईल. प्रत्येक खात्यात एक वही असावी. तीत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, पाळीवर प्रत्यक्ष हजर किती, हे दर महिन्याला लिहावे. ठेकेदार केव्हा बदलला, निविदेत माणसे किती धरली, पगार कोणत्या तारखेस झाला, निधीची रक्कम जमा झाली की नाही, याची नोंद व्हावी. बाहेरचे सल्लागार कोणत्या दिवशी आले आणि त्यांनी काय विचारले तेही टिपावे. ही वही कायम कामगाराने ठेकेदारी कामगाराबरोबर बसून लिहावी. एकट्याने लिहिलेली वही अर्धीच राहील. तीन महिन्यांनी ती खात्याच्या सभेत मोठ्याने वाचावी आणि जे प्रश्न निघतील ते व्यवस्थापनास लेखी विचारावेत. लेखी उत्तर आले तर तो पुरावा; न आले तर तोही पुरावा.

यात घोषणा नाहीत, मिरवणूक नाही. वर्तमानपत्रात याची बातमीही येणार नाही. परंतु ज्या दिवशी फळ्यावर नोटीस लागेल, त्या दिवशी कामगार हात चोळीत उभे राहतील की तीन वर्षांचा हिशेब हातात घेऊन उभे राहतील, हे या वहीवर ठरणार आहे. व्यवस्थापनाची यादी तयार होत असते त्या काळातच कामगारांचीही यादी तयार झाली पाहिजे. आज कोणत्या पाळीत कोणती जागा रिकामी आहे, एवढी एकच ओळ लिहून तिची सुरुवात करता येईल.